परदेशातील लांब पल्ल्याच्या प्रवासात स्वतःच्या गाडीची देखभाल कशी करावी?

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

मंडळी, नमस्कार. येत्या उन्हाळ्यात स्वतःच्या गाडीने नेपाळ, तिबेट, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान आणि तिथून रशियामार्गे जॉर्जिया व तुर्कस्तान असा प्रवास करण्याचे आम्ही उभयतांनी ठरवले आहे. व्हिसा, परवाने आणि चीनमधील सक्तीचा मार्गदर्शक यांचे काम एका एजंटाकडे सोपवले असल्यामुळे त्याविषयी इथे विचारायचे नाही. प्रश्न फक्त गाडीचा आहे.

गाडी भारतीय बनावटीची डिझेल एसयूव्ही असून बीएस-६ आहे. तिच्यात डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) आणि ॲडब्लूची (धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या द्रावणाची) टाकी दोन्ही आहेत. माझे मत असे आहे की गाडी नवी आणि सुस्थितीत असेल, तर सुटे भाग बरोबर वाहून नेण्यात अर्थ नाही. दर दहा हजार किलोमीटरला एखाद्या मोठ्या शहरात थांबावे, चांगल्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवावी आणि पुढे निघावे. आमच्या मेहुण्यांना हे मान्य नाही आणि त्यांनी दिलेली यादी वाचली तर डिकीत अर्धे दुकान भरावे लागेल. ज्यांनी असा प्रवास केला आहे किंवा जे या धंद्यात आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नाथसागर (पैठण)

मेहुणेही बरोबर येणार असतील, तर सुट्या भागांना जागा उरते का, हे आधी पाहावे लागेल.

पानापक्कड (लातूर)

बरीच वर्षे गॅरेज चालवल्यावर माझे मत असे झाले आहे की परदेशातील देखभालीचा मोठा भाग घरून निघण्याआधीच उरकायचा असतो. फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज पाइप, कूलंट, ब्रेक ऑइल आणि बॅटरी यांचे अर्धेअधिक आयुष्य संपले असेल, तर ते सरळ बदलून टाकावे. मात्र हे काम निघण्याच्या आदल्या आठवड्यात करू नये. नवा भागही सदोष निघतो, एखादी क्लिप सैल राहते, कूलंटमध्ये हवा अडकते, आणि या गोष्टी गॅरेजच्या दारात उभ्या गाडीत कळत नाहीत. बदल केल्यावर दोन-तीन हजार किलोमीटर गाडी आपल्याच मुलखात पळवावी. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, एसी लावून, पूर्ण सामानासह बालाघाटाचे चढ चढवावेत. जे उघडे पडायचे ते इथेच उघडे पडते आणि दुरुस्तीला आपला माणूस जवळ असतो.

बदललेला जुना बेल्ट फेकू नये. तो चालू स्थितीत काढलेला असतो आणि आपल्या गाडीला नेमका बसतो हे सिद्ध झालेले असते. त्याहून खात्रीचा स्पेअर बाजारात मिळत नाही. होज पाइप तपासताना नुसते पाहून भागत नाही. इंजिन पूर्ण गार असताना क्लिपेच्या जवळ अंगठ्याने दाबावे. चांगला पाइप दाबला की लगेच मूळ आकारावर येतो, तर आतून खराब झालेला पाइप त्या जागी मऊ आणि चिकट लागतो किंवा दाबताना करकरतो. पाइप मधोमध क्वचितच फुटतो, तो बहुधा क्लिपेजवळच दगा देतो.

ब्रेक ऑइलकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि पाणी मुरलेले ऑइल लांब उतारावर ब्रेक तापल्यावर उकळते. मग पेडल एकदम आत जाते. तिबेटमधील उतार पाहता ते बदलल्याशिवाय निघू नका.

तेरणाकाठ (धाराशिव)

माझे मत कटू वाटेल, तरी लिहितो. बीएस-६ डिझेल गाडी घेऊन त्या भागात जाऊच नये. जुनी, सेन्सर नसलेली, साध्या पंपाची गाडी कोणताही मिस्त्री कुठेही उघडू शकतो. आपल्या गाडीत एक वायर निसटली तरी इंजिन लिंप मोडमध्ये जाते आणि चाळीसच्या वर वेग धरत नाही. नवीच गाडी न्यायची असेल, तर डीपीएफ काढून टाकून प्रोग्रॅम बदलून देणारे लोक सगळीकडे बसलेले आहेत.

वाळूजकर

तेरणाकाठ यांच्या पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण शेवटची सूचना कृपया कोणी मनावर घेऊ नये. उत्सर्जन नियंत्रणाची यंत्रणा काढणे कायद्याला धरून नाही, आणि चीनमध्ये तात्पुरती नंबर प्लेट देण्यापूर्वी परदेशी गाडीची तपासणी होते. घरापासून इतक्या दूर, परक्या अधिकाऱ्यासमोर असला जुगाड घेऊन उभे राहू नये.

इंजिनाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करत असल्यामुळे डिझेलविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आले आणि गंधकाचे प्रमाण ५० पीपीएमवरून (म्हणजे दहा लाख भागांत ५० भागांवरून) १० पीपीएमवर उतरले. आपली गाडी याच डिझेलसाठी बनवलेली आहे. नेपाळमध्ये काळजी नाही, कारण तिथले इंधन इंडियन ऑइलकडूनच जाते. मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची पाइपलाइन २०१९ मध्ये सुरू झाली. चीनमधील आणि युरोपीय संघातील डिझेलची मर्यादाही १० पीपीएमच आहे. खरा प्रश्न मधल्या पट्ट्याचा, विशेषतः ताजिकिस्तानातील पामीरसारख्या दुर्गम भागाचा आहे, जिथे डिझेल पंपाऐवजी कॅनमधून मिळते आणि ते कुठून आले याचा पत्ता विकणाऱ्यालाही नसतो.

गंधक जास्त असले की गाडी त्या क्षणी बंद पडत नाही, आणि त्यामुळेच लोक गाफील राहतात. एक तर डीपीएफ आणि त्याच्या आधीच्या कॅटॅलिस्टचा लेप हळूहळू निकामी होतो. दुसरे असे की जळताना तयार होणारे आम्ल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ते आम्ल मारण्याची ऑइलची ताकद वेळेआधी संपते. म्हणून अशा भागातून गेल्यावर दहा हजारांची वाट न पाहता पाच हजारांवर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावेत. ऑइलचा खर्च डीपीएफच्या तुलनेत नगण्य आहे.

डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश तापमान लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. पामीरमध्ये दिवसभर वीस-तीसच्या वेगाने चालल्यावर हे घडत नाही. गाडी प्रयत्न करते, जादा डिझेल सोडते, आपण मध्येच इंजिन बंद करतो आणि ते न जळलेले डिझेल ऑइलमध्ये मिसळते. आपल्याकडे डिपस्टिक काढून ऑइल कमी झाले का एवढेच पाहण्याची सवय आहे. डीपीएफच्या गाडीत ते वाढले का, हेही पाहावे. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर ऑइल पातळ झाले आहे असे समजून पुढच्या शहरात ते बदलावे.

गोदातीर (नांदेड)

खामकाठ काका, आम्ही किर्गिझस्तानातील ओशहून पामीर महामार्गाने मुरगाब, खोरोगमार्गे ताजिकिस्तानातील दुशान्बेला गाडीने गेलो होतो, म्हणून लिहिते. वाळूजकर दादांनी डिझेलचे सांगितले ते योग्यच आहे, परंतु त्या रस्त्यावर आम्हाला सर्वाधिक त्रास झाला तो शॉकॲब्सॉर्बरचा. मुरगाबच्या अलीकडे-पलीकडे रस्त्यावर एकामागून एक आडव्या लाटा उठलेल्या असतात. या लाटांवरून तासन् तास गेल्यावर शॉकॲब्सॉर्बरमधील तेल इतके तापते की सील सोडून देते. आमच्या मागच्या डाव्या शॉकॲब्सॉर्बरवर धूळ ओली होऊन काळा थर बसलेला दिसला, तेव्हा लक्षात आले. बाकीचे तीन कोरडे, पांढऱ्या धुळीने माखलेले, आणि हा एकच चकाकणारा. मुरगाबमध्ये एका मिस्त्रीने जुन्या रशियन गाडीचा शॉकॲब्सॉर्बर घेतला, त्याच्या कानातला बुश कापून आमच्या बोल्टच्या मापाचा केला आणि तो बसवून दिला. त्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची येत नव्हती, पण काम झाले.

यावरून माझे मत असे आहे की त्या देशांत मिस्त्री उत्तम आहेत, तुटवडा भागांचा आहे. आपली गाडी तिथे विकली जात नाही, त्यामुळे 'चांगले सर्व्हिस सेंटर' सापडले तरी त्यांच्या कपाटात आपला फिल्टर नसेल. तिथे चालणाऱ्या गाड्या पाहिल्या तर पामीरमध्ये जपानी लँड क्रूझर आणि पजेरो, तर उझबेकिस्तानात अंदिजान प्रांतातल्या कारखान्यात तयार होणाऱ्या शेवरोले यांचेच राज्य आहे.

उझबेकिस्तानाविषयी आणखी एक सूचना. तिथल्या बहुतेक गाड्या गॅसवर किंवा पेट्रोलवर चालतात आणि सामान्य पंपांवर डिझेल सहजासहजी मिळत नाही. सीमा ओलांडण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरावी आणि डिझेलसाठी ट्रक जिथे थांबतात तिथे चौकशी करावी.

बालाघाट (केज)

हा धागा वाचून आमच्याकडच्या ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांची आठवण होणे साहजिक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, पाटोदा या भागांतून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात; त्यांत माणसे, धान्य, भांडी, शेळ्या असा सगळा संसार असतो आणि देखभालीसाठी एक पाना, एक पक्कड आणि बाइंडिंग तार. सीमाशुल्क लागत नाही, एवढाच काय तो फरक.

विनोद बाजूला ठेवून एक उपयोगी गोष्ट सांगतो. अनुभवी ड्रायव्हर चहाला थांबला की आधी प्रत्येक चाकाच्या हबजवळ उलटा हात नेतो. चारपैकी एकच हब जास्त गरम लागला, तर बेअरिंग जात आहे किंवा ब्रेक धरून राहिला आहे. हबला लगेच हात टेकवू नये, आधी जवळ नेऊन धग पाहावी. या तपासणीला पैसा लागत नाही, भाषा लागत नाही आणि तिबेटमध्येही ती चालेल.

पानापक्कड (लातूर)

बालाघाट यांच्याशी पूर्ण सहमत आहे. गॅरेजमध्ये आलेल्या गाड्यांत बेअरिंग अचानक गेले असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बेअरिंग अचानक जात नाही; ते बरेच दिवस आधी आवाज करत असते आणि आपण गाणी लावलेली असतात.

तेरणाकाठ (धाराशिव)

वाळूजकर, डीपीएफ काढण्याची सूचना मागे घेतो. परंतु सेन्सरच्या प्रश्नाचे काय? पामीरमध्ये चेक इंजिनचा दिवा लागला, तर पुढे जायचे की थांबायचे, हे कोण सांगणार?

वाळूजकर

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (बिघाडाचे कोड वाचण्याच्या जोडणीला) लावायचा छोटा स्कॅनर मिळतो आणि तो मोबाइलशी जोडता येतो. तो घरीच आपल्या गाडीवर चालवून पाहावा, कारण सगळेच स्कॅनर सगळ्याच गाड्यांशी बोलत नाहीत. 'पी०'ने सुरू होणारे बहुतेक सामान्य कोड सगळ्या कंपन्यांना समान असतात. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी पडत आहे आणि पी०४०१ म्हणजे ईजीआरचा (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा) प्रवाह अपुरा आहे, हे अल्माटीतील मिस्त्रीलाही तसेच कळते जसे वाळूजमधल्या मिस्त्रीला. पी०२९९ आला, तर टर्बो गेला असे समजून हातपाय गाळू नयेत. आधी इंटरकूलरच्या होजची क्लिप निसटली आहे का आणि एअर फिल्टर धुळीने तुंबला आहे का, ते पाहावे. कागदी एअर फिल्टर पाण्याने धुऊ नये. तो हलक्या हाताने आपटून झाडावा आणि हवा मारायची असेल तर आतून बाहेर, कमी दाबाने मारावी.

मात्र ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर कोड वाचत बसू नये. त्या क्षणी इंजिन बंद करावे.

पूर्णाकाठ (परभणी)

कागदपत्रांचा विषय नको म्हणालात, तरी देखभालीशी त्याचा थेट संबंध आहे म्हणून लिहितो. मध्य आशियातील देशांत कार्ने (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचा सीमाशुल्काचा दस्तऐवज) लागत नाही, पण गाडी तात्पुरती आत आणल्याची नोंद होते आणि तिच्यावर तारीख असते. गाडी बंद पडली म्हणून ती तारीख थांबत नाही. परतीचा मार्ग इराणमधून ठरला, तर मात्र कार्ने लागेल. त्यासाठी भारतात बँक हमी ठेवावी लागते आणि गाडी त्या देशातून बाहेर पडल्याचा शिक्का मिळाला नाही, तर हमीची रक्कम धोक्यात येते. म्हणजे नादुरुस्त गाडी तिथेच टाकून विमानाने परत येण्याची सोय नाही. कार्नेवर चासी क्रमांकाबरोबर इंजिन क्रमांकही असतो, त्यामुळे जुने इंजिन मिळाले म्हणून बदलून टाकले असेही करता येत नाही.

विम्याचेही पाहून घ्यावे. भारतीय पॉलिसी जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपुरती वाढवता येते. त्यापलीकडे तृतीय पक्षाचा विमा सीमेवर घ्यावा लागतो, पण त्यात आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नसते.

मांजरामाय (अंबाजोगाई)

हेडलाइटविषयी कोणीच बोलले नाही, याचे आश्चर्य वाटले. आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने चालते, म्हणून लो बीमचा झोत डावीकडे जरा वर उचललेला असतो. तिबेटपासून पुढे सगळीकडे उजव्या बाजूने चालायचे आहे. तिथे हाच झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो. काचेच्या नेमक्या भागावर चिकटपट्टी लावून तो झाकता येतो. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून झोताची वर गेलेली कड कुठे आहे ते पाहावे आणि ती नाहीशी होईल एवढाच भाग झाकावा.

नाथसागर (पैठण)

ही पट्टी आपल्याच महामार्गांवर सक्तीची करावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

गोदातीर (नांदेड)

टायरविषयी एक भर घालते. पामीर महामार्गावरील अक-बैतालची खिंड ४,६५५ मीटरवर आहे. बाहेरच्या हवेचा दाब तिथे इतका कमी असतो की पायथ्याशी भरलेल्या टायरचा दाब वर पाच-सहा पीएसआयने वाढलेला दिसू शकतो. थंडीमुळे त्यातला काही भाग पुन्हा कमी होतो. म्हणून वर गेल्यावर, टायर गार असताना, मोजून मगच हवा सोडावी आणि खाली उतरल्यावर पुन्हा भरावी. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर हवाच. लाटांच्या रस्त्यावर थोडी हवा कमी ठेवली, तर शॉकॲब्सॉर्बरलाही आराम मिळतो, पण मग वेग कमी ठेवावा लागतो.

कॅनमधील डिझेल भरताना बारीक जाळीचे नरसाळे वापरावे. सुती कापडातून गाळल्यास त्याचे धागे टाकीत जातात. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा खटका आठवड्यातून एकदा सैल करून तळाचे पाणी काढून टाकावे.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुटे भाग नेऊच नयेत, हे माझे मत आता टिकत नाही. गोदातीर ताईंच्या म्हणण्यानुसार मिस्त्री मिळतो, भाग मिळत नाही. मग नेमके काय न्यावे आणि कशाचा भार टाळावा? ॲडब्लूचे काय करावे, हेही अद्याप कळलेले नाही.

पानापक्कड (लातूर)

भाग निवडताना माझी कसोटी अशी आहे की जो भाग आपल्या गाडीलाच लागतो, लहान आहे आणि ज्याच्यावाचून गाडी उभी राहते, तोच न्यावा. या कसोटीवर दोन डिझेल फिल्टर, दोन ऑइल फिल्टर, एक एअर फिल्टर, बेल्ट, पुढच्या ब्रेक पॅडचा एक संच, होजच्या क्लिपा, फ्यूज-रिले आणि ड्रेन प्लगचे वॉशर उतरतात. आपली गाडी तिथे कोणाकडे नाही, म्हणून मागच्या शॉकॲब्सॉर्बरची एक जोडीही घ्यावी. जड आहे, पण ताईंचा अनुभव पाहता पटते. अल्टरनेटर, क्लच प्लेट, इंजेक्टर यांचे ओझे वाहू नये. त्यांचे पार्ट नंबर आणि जुन्या भागावरच्या लेबलचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंदला थेट विमाने आहेत. घरच्या माणसाला पार्ट नंबर पाठवला, तर नेमका भाग मागवता येतो. नुसते नाव सांगितले, तर दुसऱ्या मॉडेलचा भाग येतो.

इंजिन ऑइल वाहून नेऊ नये. ते सगळीकडे मिळते. मॅन्युअलच्या ज्या पानावर ग्रेड आणि मानक दिले आहे त्याचा फोटो दुकानदाराला दाखवावा. ५डब्ल्यू-३० एवढेच पाहू नये. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचे ऑइल लागते आणि ते डब्यावर एसीईए (युरोपीय ऑइल मानक) सी२ किंवा सी३ असे छापलेले असते. आपल्या मॅन्युअलमध्ये यांपैकी जे असेल तेच घ्यावे.

वाळूजकर

ॲडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध पाण्यातील द्रावण. डब्यावर आयएसओ २२२४१ लिहिलेले असेल, तर कंपनी कोणतीही चालते. खताचा युरिया विरघळवून वापरण्याचा विचारही करू नये. ते उणे ११ अंशांना गोठते आणि कडक उन्हात ठेवले तर लवकर खराब होते, म्हणून मोठा साठा करू नये. ओशला टाकी पूर्ण भरावी आणि दहा लिटरचा एक सीलबंद कॅन बरोबर ठेवावा. टाकी रिकामी झाली, तर पुष्कळ इशारे देऊन शेवटी गाडी पुन्हा सुरू होण्यास नकार देते. सुरू असलेले इंजिन ती बंद करत नाही. हा भेद दुर्गम भागात लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बालाघाट (केज)

पंक्चरच्या दुकानातून निघाल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून चाकाचे नट पुन्हा आवळावेत. दुकानदार कोणत्याही देशाचा असो, हे काम त्याच्यावर सोडू नये.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

पानापक्कड, पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन लातूरला आलो, तर होज आणि ब्रेक ऑइलचे काम आपल्याकडे होईल का?

पानापक्कड (लातूर)

अवश्य या. सकाळी लवकर या आणि गाडी किमान दोन तास गार होऊ द्यावी लागेल, हे धरून चला.